दोघांपुरता सायफन

संडासाच्या पाण्याची चिंता करत माणूस म्हातारा झाला, असं कुणी सांगितलं तर आपण हसू. भाऊराव तायडे मात्र खरोखरच तसे म्हातारे झाले होते. इंदूरच्या एका कापड गिरणीत त्यांनी फिटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं घातली. वाफेचे पाइप, पंप, व्हॉल्व्ह हे त्यांचं खरं काम. पण गिरणीत त्यांना सगळे ओळखायचे ते कामगारांच्या संडासातल्या टाक्यांमुळे. त्या टाक्यांना साखळी नव्हती की कळ नव्हती. आत ओतीव लोखंडाची एक उपडी घंटा आणि तिच्याखाली वाकडी नळी, एवढाच सायफन. टाकी हळूहळू भरत जायची, पाणी ठरल्या रेषेला पोचलं की घंटेत कोंडलेली हवा सुटायची आणि सगळं पाणी एकदम धाडकन खाली जायचं. मग पुन्हा सावकाश भरायला सुरुवात. वीज नको, माणूस नको. भाऊराव म्हणायचे, "सगळ्या मिलमध्ये न सांगता ड्यूटी करणारा एकच, आपला सायफन." आणि हे ते मॅनेजरसाहेबांच्या तोंडावरही म्हणायचे.

पुढे देशात मोठमोठे शब्द आले. उदारीकरण आलं, नवं धोरण आलं, इंदूरच्या विजय नगरकडे काचेच्या इमारती आल्या. भाऊरावांच्या वाट्याला त्यातून गेटवरचं कुलूप आलं. गिरणीचं क्वार्टर सुटलं आणि ते महूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. महू त्यांना परकं नव्हतं. वडील पलटणीत होते आणि निवृत्त होताना त्यांनी गावाबाहेर उताराचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. त्यावर घर बांधायचं, असं भाऊराव आणि त्यांचा एकुलता एक मुलगा संघदीप यांनी ठरवलं. संघदीप पीथमपूरच्या एका कारखान्यात लागला होता. पाया खणायच्या आधीच एका सकाळी पाळी संपवून येताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. त्याची मुलगी धम्मदीना तेव्हा पाळण्यात होती.

घरात राहिली चार माणसं. भाऊराव, त्यांची बायको आनंदी, सून संबोधी आणि दीना. संबोधी महूच्या केंद्र सरकारी शाळेत शिकवायची. तिच्या पगारावर घर चालायचं आणि हे तिने कधी बोलण्यात तर सोडाच, डोळ्यांतही दिसू दिलं नाही. भाऊरावांना ती मुलीसारखी होती असं म्हणणं म्हणजे बोलायची पद्धत झाली. खरं सांगायचं तर संघदीपशीसुद्धा ते इतकं बोलत नसत. रविवारी दोघं प्लॉटवर जायची. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक भाऊराव धरायचे, दुसरं संबोधी, आणि जमिनीचा ढाळ मोजायची. "बाबा, तुमचा हात हलतोय," ती ओरडायची. "माझा हात नाही, तुझी जमीन हलतेय," ते उलट ओरडायचे. आजूबाजूच्या शेतात कुणी नसायचं म्हणून बरं.

संघदीप गेल्यावर दोनएक वर्षांनी भाऊरावांनी एकदा हिय्या केला होता. "पोरी, तू तरुण आहेस. आपल्या समाजात कुणी तुला नावं ठेवणार नाही. दुसरं लग्न कर," असं ते सरळ म्हणाले. संबोधीने ताट सरकवलं. "संघदीप गेला म्हणून मी परकी झाले का?" एवढंच ती बोलली आणि दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. आनंदीने नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. त्यानंतर भाऊरावांनी तो विषय काढला नाही. संबोधीचा स्वभाव त्यांना तेव्हा पुरता कळला. प्रेमाने कुणी जा म्हटलं तर ती तिळभर हलायची नाही. आणि आपण नकोशा झालोय एवढा नुसता वास जरी आला, तर ती क्षणभर थांबायची नाही. एकदा मावशीकडे तिला असा वास आला होता. ती भरल्या पंगतीतून उठून आली होती.

तर घर उभं राहू लागलं आणि संडासाच्या पाण्याचा प्रश्न आला. तिथे नगरपालिकेची गटार नव्हती. सेप्टिक टाकी बांधायची आणि तिच्यातून निघणारं पाणी उतारावर पुरलेल्या भोकांच्या पाइपांमधून जमिनीत मुरवायचं, एवढाच मार्ग. पण जमीन माळव्याची काळी. पाणी थेंबथेंब सारखं गळत राहिलं की पाइपाच्या तोंडाजवळची तेवढीच माती चिखल होऊन बसते, पुढची कोरडीच राहते आणि मग अंगणात घाण वास सुटतो. पाणी साठवून एकदम सोडलं तर ते शेवटच्या भोकापर्यंत पोचतं आणि पुढचं पाणी येईपर्यंत मातीला ते प्यायला वेळ मिळतो. पंप लावता आला असता, पण त्या वर्षांत मध्य प्रदेशात वीज पाहुण्यासारखी यायची. उतार तर आयता होता. भाऊराव म्हणाले, "अपन सायफन लावू."

नवा सायफन कुठे मिळणार? पण जुना कुठे मिळेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोलोग्राउंडला पंढरीनाथचं भंगाराचं गोडाऊन होतं. पंढरीनाथ गिरणीत त्यांच्याच खात्यात होता. गिरणी बंद पडल्यावर तिचंच लोखंड विकत घेऊन विकायचा धंदा त्याने काढला. एका रविवारी सासरे आणि सून बसने इंदूरला गेले.

गोडाऊनमध्ये शिरताना भाऊरावांनी खाली बघत चालायचं ठरवलं होतं, पण तसं जमलं नाही. ज्या यंत्रांना त्यांनी रोज तेल घातलं होतं ती तिथे उघडीनागडी पडली होती. एका पंपावर त्यांनीच पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर होता. त्यांनी त्यावर हात फिरवला आणि लोक मयताला आल्यावर बोलतात तसं हळू आवाजात विचारलं, "पंढरी, सायफन आहेत का रे शिल्लक?"

"आओ भिया, आओ! मिल गेली, पण तुझी संडासाची चिंता काही गेली नाही यार," पंढरीनाथ खो खो हसला. मग संबोधीला बघून वरमला. "नमस्कार बेटा. बसा, चाय मागवतो."

दोन सायफन निघाले. एक मोठा, कामगारांच्या संडासातला, कमरेइतका उंच. एक लहान, ऑफिसर लोकांच्या गेस्ट हाऊसमधला. भाऊरावांनी दोन्हींच्या घंटेवर हातोडीने टकटक करून आवाज ऐकला, तडा नाही याची खात्री केली, कडेवर बोट फिरवलं.

"देख भिया, लोहा दोन्ही एकदम फर्स्ट क्लास," पंढरीनाथ म्हणाला. "पण पाणी साठवायची हौदी त्याच्याच मापाची बांधावी लागेल, हे तुला काय सांगू. मोठा घेशील आणि माणसं कमी असतील, तर हौदी भरायलाच दिवस लागतील. पाणी आतच सडेल, घंटेखाली गाळ बसेल. छोटा घेशील आणि माणसं जास्त असतील, तर घडीघडी सुटेल, मातीला आराम नाही. एकदा काँक्रीट पडलं की बात खतम. घरात माणसं किती?"

"चार," भाऊराव पटकन म्हणाले. "आणि पोरगी मोठी होतेय, चारच्या पाच धर. मोठाच दे."

"नाकापेक्षा मोती जड होतोय बघ हां."

"आमचं नाक मोठं आहे," भाऊराव म्हणाले, आणि हसून संबोधीकडे बघितलं. ती हसली नाही. ती खाली, सायफनच्या घंटेकडे बघत होती. इथल्या लोखंडात तिला संघदीपची आठवण आली असेल असं भाऊरावांना वाटलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी तिला खिडकीची जागा दिली.

पुढच्याच आठवड्यात संबोधीचा थोरला भाऊ अश्वजित खंडव्याहून आला. मुद्दाम संबोधी शाळेत असतानाची वेळ साधून आला. आनंदी दीनाला घेऊन विहारात गेली होती. अश्वजितने जय भीम केला, पाणी प्यायला आणि रिकामा पेला हातात फिरवत राहिला.

"बाबा, एक बात करायची होती. एक माणूस आहे. नागपूरचा, शाळेत मास्तर. बायको वारली त्याची. मागे ट्रेनिंगला संबोधी भोपाळला गेली होती ना, तिथे ओळख झाली. माणूस चांगला आहे, मी स्वतः जाऊन पाहून आलो. दीनाला सांभाळीन म्हणतो, अगदी मनापासून म्हणतो."

भाऊराव म्हणाले, "तिला पसंत आहे?"

"मी विचारलं तिला. पहले तो चुप बैठी, नंतर रडली. मी भाऊ आहे तिचा, मला कळतं. तिला हवं आहे, बाबा." अश्वजितने पेला खाली ठेवला. "पण तिने त्याला नाही सांगून टाकलं. मला म्हणाली, दादा, बाबांनी घर चौघांचं काढलंय. सायफनसुद्धा चौघांचा घेतला, माझ्यासमोर घेतला. काय खुशीत होते. आता मी कोणत्या तोंडाने सांगू, मी जाते म्हणून?"

अश्वजितचं पुढचं बोलणं भाऊरावांच्या कानात शिरलं नाही. त्यांना पोलोग्राउंडचं गोडाऊन दिसत होतं आणि खाली बघत उभी असलेली संबोधी. पटकन 'चार' म्हणताना आपल्याला किती आनंद झाला होता, तेही त्यांना आठवलं आणि स्वतःचीच शरम वाटली. आपण त्या पोरीच्या पायात मणभर लोखंड अडकवलं, वर फुशारकीही मारली!

"तुम्ही बोला ना तिच्याशी," अश्वजित म्हणाला. "तुम्ही जा म्हणालात तर..."

"तर अजिबात जायची नाही," भाऊराव म्हणाले. "तू तिचा भाऊ असून तुला एवढं कळत नाही?"

अश्वजित गेल्यावर ते ओसरीवर बसून राहिले. संबोधी शाळेतून आली, दीना तिच्या अंगावर धावली, आनंदीने चहा टाकला. रोजचंच घर. या घरातून या दोघी गेल्या तर काय उरेल याचा ते विचार करू लागले आणि लगेच थांबले, कारण विचार पुरा झाला असता तर पुढचं काम त्यांच्या हातून झालं नसतं. मुलगा नियतीने नेला. नातीला आपल्या हाताने द्यायचं होतं. त्यांना लहान मुलासारखं रडावंसं वाटत होतं. ते म्हणाले, "साखर कमी आहे चहात."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच पोलोग्राउंडला गेले.

"मोठा राहू दे. छोटा दे."

पंढरीनाथ त्यांच्याकडे बघतच राहिला. "मजाक करतो काय भिया? चारच्या पाच धर म्हणत होतास."

"मोजायला चुकलो. दोनच आहेत."

पंढरीनाथला थट्टा करायची सवय होती, पण ओळखीच्या माणसाचा चेहरा वाचायचीही होती. त्याने लहान सायफन स्वतः उचलून टेम्पोत ठेवला आणि पोत्याने नीट झाकला.

पुढच्या रविवारी भाऊरावांनी मिस्त्रीला बोलावून ठेवलं होतं. बाळकृष्ण मिस्त्री कामाला पक्का आणि तोंडाने त्याहून मोकळा. त्याने हौदीचा खड्डा आधीच लहान मापाने घेतला होता, लोखंडी जाळी बांधली होती, माल कालवत होता. संबोधी दीनाचं बोट धरून उतारावरून खाली आली आणि खड्ड्याच्या काठावर थबकली.

"मिस्त्री, हा तो नाही. आम्ही मोठा घेतला होता."

"बाबूजींनीच बदली केला ना, बाई," बाळकृष्ण फावडं न थांबवता म्हणाला. "बोले, घरमें दोइच लोग रहेंगे. दोन माणसांना हा भरपूर. हौदी पण त्याच मापाची घेतली मी."

भाऊराव खड्ड्यात उतरून सायफनची घंटा ओळंब्यात आहे का ते बघत होते. ती केव्हाच ओळंब्यात होती. तरी ते बघत राहिले.

"बाबा," संबोधी वरून म्हणाली. "दोघं म्हणजे कोण?"

"मी आणि आनंदी."

"आणि आम्ही?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आठवडाभर मनात घोकलं होतं. वर बघितलं असतं तर सगळं संपलं असतं, म्हणून ते लोखंडाकडे बघून बोलले. "तुमचं तुम्ही बघा आता काहीतरी. माझं वय झालं. लहान मूल घरात, त्याचा दंगा, ते मला सोसत नाही. आम्हाला आमच्यापुरतं घर हवंय."

बाळकृष्णचं फावडं थांबलं. असल्या वेळी तिसऱ्याने काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. तो पाण्याची बादली घेऊन विहिरीकडे गेला.

संबोधीचा अजून विश्वास बसत नव्हता. या माणसाने दीनाचा दंगा सोसत नाही म्हणावं? काल संध्याकाळी दीना याच्याच पाठीवर बसून सगळी ओसरी फिरली होती. तिने मागे वळून पाहिलं. आनंदी जेवणाचा डबा घेऊन उतारावर येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, हे काय बोलतायत? तुम्हाला माहीत होतं?"

आनंदीला भाऊरावांनी काही सांगितलं नव्हतं. तिच्या पोटात काही राहत नाही, ती रडेल, सगळं उघडं पडेल, या भीतीने सांगितलं नव्हतं. आता ती बोलणार, आणि संबोधी डबा उघडून त्यांना जेवायला वाढणार, आणि जन्मभर इथेच राहणार. त्या एका क्षणात भाऊरावांना, खोटं कशाला बोला, तसंच व्हावं असंही वाटलं.

पण आनंदी काही आंधळी नव्हती. घरमालकाच्या फोनवर नागपूरहून फोन आला की सून आवाज खाली करून बोलते आणि मग रात्रीच्या भाकऱ्या करताना गुणगुणते, हे तिने महिनोन्‌महिने पाहिलं होतं. ते गुणगुणणं अलीकडे थांबलं होतं, हेही तिच्या ध्यानात आलं होतं. तिने खड्ड्यातल्या नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं, लहान सायफनकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

"त्यांना काय विचारतेस," आनंदी म्हणाली. "मीच सांगितलं त्यांना. मला आता होत नाही गं कुणाचं."

संबोधीने दीनाला कडेवर घेतलं आणि ती उतार चढून गेली. तिची पावलं लांब गेल्यावर आनंदी खड्ड्याच्या काठाशी बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. भाऊराव वर आले नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच की बुक्के त्यांचे त्यांनीच मारून घेतले होते. थोड्या वेळाने बाळकृष्ण आला, त्याने कुणाकडे न बघता काँक्रीट ओतलं.

लग्न नागपूरला झालं, विहारात, साधंच. भाऊराव आणि आनंदी गेले नाहीत. संबोधीने बोलावलं होतं, पण अश्वजितच्या तोंडून. नवरा माणूस सज्जन होता. बदली होईपर्यंत संबोधी दीनाला घेऊन शाळेजवळच्या खोलीत राहिली, पेट्या मात्र सासरीच होत्या; बदली झाल्यावर एके दिवशी दुपारी ती दीनाला घेऊन त्या न्यायला आली. भाऊराव आणि आनंदी तोवर नव्या घरात राहायला आले होते. तिने सगळी खोली झाडून दिली, आनंदीच्या गोळ्या डब्यात नीट लावून दिल्या, आणि दोघांच्या पाया पडली. पाया पडताना तिने मान वर केली नाही. भाऊरावांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला नाही. ठेवला असता तर तो परत उचलवला नसता आणि तिला कळलं असतं.

ऑटोरिक्षा दारात उभी होती. संबोधी आत बसली. दीनाला मात्र बसायचं नव्हतं. ती भाऊरावांच्या पायजम्याला धरून उभी होती.

"आजोबा, मम्मी म्हणते या घरात दोनच माणसं मोजली. मला का नाही मोजलं?"

"आजोबाला गणित येत नाही गं," भाऊराव म्हणाले.

"मग परत मोजा."

भाऊराव तिच्यासमोर उकिडवे बसले. दीनाने त्यांचं बोट पकडून आजीकडे वळवलं. "एक," ते म्हणाले. तिने ते बोट त्यांच्याच छातीवर टेकवलं. "दोन." मग तिने ते बोट ओढून स्वतःच्या नाकावर ठेवलं आणि वाट बघत राहिली. रिक्षात संबोधी मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच संशय होता आणि आशा होती. एक आकडा पुरे होता. ती पेट्या घेऊन खाली उतरली असती.

भाऊरावांनी नातीच्या नाकावरून बोट काढून घेतलं. "दोनच," ते म्हणाले, तिला उचलून तिच्या आईच्या मांडीवर दिलं आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चलो भिया, गाडी छूट जाएगी."